काय काम काढलंत?

मिसळ खाणं हे कारण होऊ शकतं का, या प्रश्नावर त्या दिवशी माझी सव्वा तास सुनावणी चालली.

अर्जदार शाहूपुरीतले, सत्तरीचे गृहस्थ, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मंगळवार पेठेतल्या एका ठरावीक मिसळीशिवाय त्यांचा रविवार जात नाही, बसनं गेलं की भूक मरते, आणि वेशीवरचं यंत्र त्यांची गाडी दर रविवारी परत पाठवतं, अशी तक्रार. मी म्हटलं, "काका, चालत या. भूक वाढेल." ते म्हणाले, "बाई, तुम्ही कालेजात मराठी शिकवायचा न्हवं? मग जरा मराठीत इचार करा की." अर्ज फेटाळला. ते टोपी घालून गेले आणि मी पाण्याचा ग्लास उचलला, तर पुढचा अर्जदार आत येऊन बसलासुद्धा.

मी उज्ज्वला मोरबाळे. सत्तावीस वर्षं कोल्हापुरात मराठी शिकवली. लग्न केलं नाही, त्यामुळे संध्याकाळी घरी काय शिजवायचं एवढाच वाद असतो आणि तोही स्वतःशी. गेली दोन वर्षं आठवड्यातून चार दिवस मी मध्यशहर मंडळात वेशीवरून परत पाठवलेल्या लोकांची कारणं ऐकते. संध्याकाळपर्यंत इतकी कारणं कानावरून जातात की घरी आल्यावर स्वतःशी वाद घालायचाही कंटाळा येतो. मग दहीभात.

हे मंडळ कसं आलं ते सांगायला हवं. रस्त्याचं गणित सोपं आहे आणि निर्दय आहे. गाड्या वाढत गेल्या तरी एका हद्दीपर्यंत रस्ता त्या सोसतो. वेग थोडा कमी होतो, इतकंच. मग असा एक आकडा येतो की त्यावर आणखी वीस-पंचवीस गाड्या आल्या की सगळंच थांबतं. पाणी गार होत होत एका ठरावीक अंशाला गोठतं, तसं. गोठलेल्या रस्त्यावरून तासाला जेमतेम निम्म्या गाड्या पुढे सरकतात, आणि एकाचा ब्रेक मागच्या दोनशे जणांना लागतो. आमच्या महाद्वार रस्ता, गुजरी, मंगळवार पेठ धरून जे मध्यशहर होतं, त्याचा हा आकडा निघाला नऊशे चाळीस. एका वेळी आत नऊशे चाळीस खासगी गाड्या, एक जास्त नाही.

आता ते नऊशे चाळीस कोण? आधी शुल्क लावून पाहिलं, तर ज्यांना परवडतं तेवढेच आले. सम-विषम क्रमांक लावले, तर लोकांनी दुसरी गाडी घेतली. सरसकट बंदी घातली, तर व्यापाऱ्यांनी अकरा दिवस दुकानं बंद ठेवली. शेवटी मंडळानं ठरवलं, ज्याचं कारण खरं आणि गरजेचं त्याला सोडायचं, आणि ते ठरवायचं यंत्रानं. जुन्या शहराच्या वेशी होत्या त्या जागी नव्या वेशी उभ्या राहिल्या. गाडी थांबवायची, काच खाली करायची, यंत्र विचारतं, माणूस सांगतो. रुग्णवाहिकेला, मंडळाचा पास असलेल्याला आणि अपंगत्वाचा दाखला असलेल्याला विचारतच नाही. बाकीच्यांचं यंत्र चार गोष्टींवर जोखतं. कारणाचं वजन किती. त्या कामाला बस किंवा ई-रिक्षा चालेल का. माणसाचा शब्द कसा आहे. म्हणजे औषधाला जातो म्हणून मागे जो मिसळीला गेला, त्याचा शब्द उतरतो. आणि चौथा घसा. घशात दोन पडदे असतात, बोलताना ते सेकंदाला शे-दोनशे वेळा थरथरतात. खोटं बोलताना घसा आवळतो आणि त्या थरथरीची लय बिघडते. कानाला ते कळत नाही, यंत्राला कळतं.

यात माझं काम होतं कारणकोश. कोल्हापूरकर काय काय कारणं सांगतील, कुठल्या शब्दांत सांगतील, आणि त्या शब्दांना किती वजन द्यायचं.

मंडळानं सुरुवातीला यंत्राच्या तोंडी वाक्य घातलं होतं, 'प्रवेशाचे कारण सांगा.' मी म्हटलं, हे पोलीस चौकीतलं वाटतं, लोक बिथरतील. आपल्याकडे दारात माणूस आला की आपण काय म्हणतो? मीच वाक्य दिलं. 'नमस्कार. काय काम काढलंत?' तेही माझ्या आवाजात घेतलं. लोकांना आवडलं. आठ दिवसांत यंत्राचं नाव काकू पडलं. मला त्याचा फार अभिमान होता.

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. फैयाज मुल्लाणी आमचा इंजिनियर. तिशीचा, शांत, डब्यातली भाकरी गणित करता करता खाणारा. तो माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, शंभरातले एकतीस जण एकच उत्तर देतायत. 'काही नाही, सहज.' याला वजन किती धरायचं?"

मी वर न बघता सांगितलं, "सहज म्हणजे विनाकारण. शून्य."

"नक्की?"

"सत्तावीस वर्षं शिकवलंय बाबा."

त्यानं शून्य घातलं.

एक कबूल करायला हवं. योजना चालली. मंगळवार पेठेत माझं तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे. पूर्वी गॅलरीतली तुळस काळी पडायची, आता पडत नाही. समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. पोरं रस्त्यात खेळतात, म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहून बोलतात आणि कुणी त्यांच्यावर हॉर्न मारत नाही. मी या योजनेवर उगाच टीका करणाऱ्यांतली नाही. फक्त एवढंच झालं की माझ्या घरी येणाऱ्या माणसांना काम असायला लागलं. कुणी पत्रिका द्यायला येतं, कुणी सही घ्यायला. बसायला कुणी येत नाही.

पूर्वी दादा यायचा.

इंद्रजित, माझा मोठा भाऊ. बत्तीस वर्षं एसटी चालवली. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, मग त्याच्या जोडीनं उजवाही. आई-वडील गेल्यावर कळंब्याला घर बांधलं. एक जुनी दुधी रंगाची छोटी गाडी त्यानं विजेवर करून घेतली होती आणि दर रविवारी दहाला तो तिच्यातून माझ्याकडे यायचा. दार उघडलं की मी विचारायची, "काय रे, काय काम काढलंस?" तो म्हणायचा, "काय न्हाई, सहज." आणि आत येऊन पंख्याखालची खुर्ची पकडायचा.

योजना सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी त्याचा फोन आला.

"उजे, तुझ्या काकूनं मला परत लावलं."

"काय सांगितलंस तिला?"

"सहज म्हटलं."

"दादा, सहज हे काही कारण नव्हे. अपंगत्वाचा दाखला काढ ना, गुडघे बघ तुझे. विचारणारसुद्धा नाही कोणी."

"मी अपंग न्हाई."

"मग गाडी वेशीवर लाव आणि ई-रिक्षानं ये. सगळे येतात."

"बत्तीस वर्षं मी लोकांस्नी बसवून नेलंय. आता रिक्षावाला मला बगलंत धरून चढवणार व्हय?"

त्या दिवशी माझी सुनावणी नव्हती, तरी मी सुनावणीतच बोलावं तसं बोलले. म्हणाले, "तुझ्यासारखे हजार जण सहज आले म्हणून तर शहर कोंडलं होतं."

 तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन नाही. मीही केला नाही. माझ्या भावाला मी पास मिळवून दिला असं कुणी म्हणू नये, हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं. दिवाळीला वहिनीनं फराळ पाठवला, मी तिचा डबा साखर घालून परत पाठवला. दादा रुसलाय, आपोआप येईल, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. माणसाला रुसवा काढायला वेळ नसतो असं नाही. आज काढला काय, उद्या काढला काय, असं वाटत राहतं.

मग एक शुक्रवार उजाडला. वार्षिक आढाव्याची तयारी चालली होती. फैयाज एक यादी घेऊन आला. यात अशी माणसं होती जी वर्षभरात बऱ्याचदा परत पाठवली गेली, पण कधी खोटं बोलली नाहीत, भांडली नाहीत, कारण बदलून पाहिलं नाही. "यांचं काय करायचं ते मला कळत नाही, मॅडम. बाकीचे दुसऱ्या खेपेला काहीतरी थाप मारतात. ही माणसं तेच तेच सांगून मागं फिरतात."

यादीत सगळ्यात वर एक गाडी होती. आठ महिन्यांत अकरा वेळा. रविवार, सकाळी दहाच्या आसपास. कळंब्याच्या बाजूची वेस. मला गाडीचा नंबर पाठ होता.

"ऐकवतोस?" मी म्हटलं.

फैयाजनं अकराही तुकडे एकापाठोपाठ लावले. दर वेळी आधी माझाच आवाज, "नमस्कार. काय काम काढलंत?" आणि मग दादा. "काय न्हाई, सहज." पुढचा. "सहज." पुढचा. "सहज." सातव्या वेळी तो चिडला होता. "अगं सहज म्हंजे सहज, कळत न्हाई व्हय तुला?" आठव्याला पुन्हा नुसतं "सहज". आणि दर वेळी त्याच्यामागून माझा आवाज, गोड, "क्षमा करा, आज जमणार नाही."

माझ्या भावाला मी अकरा वेळा दारातून परत पाठवलं होतं. माझ्या स्वतःच्या आवाजात.

"शेवटी शेवटी आवाज बसलाय," मी म्हटलं. "सर्दी असेल."

फैयाज पडद्याकडे बघत होता. तिथे घशाच्या थरथरीची रेघ होती. "मॅडम, यंत्रानं यांच्यावर 'सत्यता संशयास्पद' असा शेरा मारलाय, थरथर बिघडलेली म्हणून. पण हे खोटं बोलणाऱ्याचं नाही. खोटं बोलणाऱ्याची थरथर एक दिवस जास्त असते, एक दिवस कमी. ही फेब्रुवारीपासून नुसती चढत गेलीय. एकदाही खाली आलेली नाही." त्यानं रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "माझ्या मामूंचं असंच होतं. घशात गाठ होती. ओळखीचे आहेत का तुमच्या?"

 मी बाहेर व्हरांड्यात जाऊन वहिनीला फोन लावला.

सुरेखा वहिनी माझा आवाज ऐकून रडायलाच लागली. "ताई, त्यांनी सांगू नगं म्हटलेलं. मी स्वतः जाऊन सांगतो, फोनवर सांगायचं काय असलं, म्हणायचे. जायाचे आणि परत यायचे. मला वाटायचं तुम्हीच दार उघडत न्हाईसा."

"काय झालंय वहिनी?"

"गळ्यात गाठ. उद्या सकाळी दवाखान्यात भरती. सोमवारी आपरेशन. आवाज जाणार म्हणलेत डाक्टर. सगळाच."

मी दुपारच्या दोन सुनावण्या रद्द केल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कळंब्याची बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. बस खरंच छान आहे; वेळेवर येते, झटकन पोचते. मी खिडकीशी बसून विचार करत होते की सहज या शब्दाचा अर्थ मी शिकवायचे कसा. मुलांना सांगायचे, सहज, म्हणजे जन्मतःच सोबत आलेलं. यंत्राला सांगितलं विनाकारण. आणि खरा अर्थ तर मला लहानपणापासून माहीत होता, घरात बघितलेला होता. वडील मित्राच्या घरी आत्याच्या स्थळाचं बोलायला गेले तेव्हा दारात "सहज" म्हणाले होते. शेजारच्या काकू नवऱ्यानं मारल्यावर आईकडे आल्या तेव्हा "सहज आले होते गं" म्हणाल्या होत्या. आपल्याकडे सहज आलेल्या माणसाला दारात पुन्हा विचारायचं नसतं. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, चहा टाकायचा. काम चहानंतर निघतं. जेवढं काम जड, तेवढा तो सहज येतो.

आणि 'काय काम काढलंत' हा काही प्रश्न नाहीच. ती या बसा म्हणायची रीत आहे. दारात असं विचारलं की कुठलाही बरा माणूस "काही नाही, सहज" हेच म्हणणार. मीच लोकांना ते वाक्य दिलं, त्यांनी रीतीप्रमाणे उत्तर दिलं, आणि मीच त्या उत्तराला शून्य घातलं. 'प्रवेशाचे कारण सांगा' ठेवलं असतं तर दादानं निदान काहीतरी सांगितलं असतं.

तो ओसरीवर खुर्चीत बसला होता, गळ्याला मफलर. फार वाळला होता. मला फाटकातून येताना बघून उठायला लागला, गुडघ्यांनी ऐकलं नाही, परत बसला.

"काय गं," तो म्हणाला. आवाज म्हणजे वाळूवरून पत्रा ओढावा तसा. "काय काम काढलंस?"

माझ्या तोंडून तेच आलं. "काही नाही. सहज."

तो हसला. हसताना खोकला आला, वहिनीनं पाणी दिलं. मग म्हणाला, "बघ. मी तुला सोडली का न्हाई आत? एवढंच असतंय ते."

मी त्याच्यापुढे पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. सत्तावन्न वर्षांची बाई, सुनावणी अधिकारी, फेटाळलेल्या चार हजार अर्जांची धनीण. त्यानं मला रडू दिलं. लहानपणीही तो समजूत घालायचा नाही, रडणं संपेपर्यंत शेजारी बसून राहायचा.

"कारण सांगायचं ना रे दादा. आजार आहे म्हटलं असतंस तर लगेच सोडलं असतं."

"त्या यंत्राला सांगायचं? तुला सांगायच्या आधी?"

"मग दुसरं काहीतरी सांगायचं. औषध आणायचंय म्हणायचं. सगळे म्हणतात."

"खोटं बोलून भनीच्या दारात यायचं व्हय?" पाण्याचा घोट घेतला. "आणि आजार सांगायला येत नव्हतो मी. आजार काय, फोनवरबी सांगता आला असता."

"मग?"

"भांडायला येत होतो." त्यानं मफलर सारखा केला. "डाक्टर म्हणाला, आवाज जाणार. म्हटलं, जायच्या आधी उजीबरोबर एक चांगलं भांडण काढावं. दोन वर्षं साचलंय. नंतर काय, पाटीवर लिहून भांडणार? तू शुद्धलेखन काढत बसशील."

मी रडता रडता हसले. "वेशीवर सांगायचं होतंस, भांडायला आलोय म्हणून."

"सोडलं असतं?"

मी कारणकोश आठवून पाहिला. "नाही."

"मग."

डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलं होतं. वहिनीनं दोनदा आठवण केली. पण त्या दुपारी आम्ही भांडलो. तो म्हणाला, तू शिकलीस आणि शहाणी झालीस, पण माणसाला माणूस लागतंय हे विसरलीस. मी म्हटलं, तू एक दाखला काढला असतास तर हे झालंच नसतं, तुझा ताठा जास्त. तो म्हणाला, आईच्या आजारपणात रात्रपाळ्या मी केल्या. मी म्हटलं, आणि नंतर आईची पेटी कुणी आवरली? मग पेटीवरून गोष्ट आईच्या पिवळ्या इरकलीवर गेली, तिथून मी चौथीत असताना त्यानं माझी पाटी फोडली होती त्यावर. पाटी त्यानं फोडली नव्हती, असं तो पन्नास वर्षांनी पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, तूच फोडलीस. ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा त्याच्या घशातून नुसती हवा येत होती, तरी ओठ हलवून तो 'न्हाई' म्हणत होता.

निघताना त्यानं मला हाक मारली. "उजे." बस्स, पुढे काही नाही. मी मागे वळून म्हटलं, "काय?" त्यानं हातानं जा म्हणून खूण केली. त्याला नुसती हाक मारायची होती.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाली. गळ्याला आता श्वासासाठी भोक आहे आणि आवाज नाही.

मंडळाच्या आढाव्यात मी 'सहज'चं वजन बदलायला सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, सहजला वजन दिलं की उद्या सगळेच सहज म्हणतील." ते खरं होतं. फैयाजनं आकडे मांडले. नऊशे चाळीसचे अकराशे झाले असते आणि रस्ता पुन्हा गोठला असता. मी म्हटलं, मग यंत्रानं ठरवूच नये. पाहुणा आला की ज्याच्याकडे आलाय त्याला विचारा, येऊ द्यायचं का. घरटी महिन्याला दोन. त्यासाठी ज्या साठ गाड्यांची जागा लागेल ती मंडळाच्या सदस्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पासांमधून काढा. या मुद्द्यावर सभा दोन तास चालली आणि सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवली. तीन सभांनंतर मंजूर झालं ते असं, की घरटी महिन्याला एक, फक्त मंगळवार पेठेत, सहा महिन्यांच्या प्रयोगावर. मी मान हलवली. लढायचं त्राण उरलं नव्हतं आणि एक शून्यापेक्षा मोठा असतो, एवढं गणित मलाही येतं.

मिसळवाल्या काकांनी नव्या नियमात पुन्हा अर्ज केला. मिसळवाला त्यांना येऊ द्या म्हणायला तयार होता, पण नियमात घर आहे, दुकान नाही. फेटाळावा लागला.

फैयाजनं एक काम माझ्यासाठी केलं. दादाचे ते अकरा तुकडे त्यानं काढून दिले. वेशीवरचा मायक्रोफोन चांगला असतो. घरात दादाचा दुसरा आवाज होता तो एका लग्नातला, बँडवर ओरडतानाचा. फैयाज म्हणाला, एवढ्यावरून पूर्ण आवाज तयार करता येईल, ते टाइप करतील आणि त्यांच्याच आवाजात यंत्र बोलेल. आम्ही दोघं कळंब्याला जाऊन दादाला विचारून आलो. त्यानं पाटीवर लिहिलं, 'जे मी बोललो नाही ते माझ्या आवाजात नको.' मग अकराही तुकडे ऐकले. सातव्यावर, चिडलेल्यावर, बोट ठेवलं. पुन्हा ऐकला, हसला, मानेनंच नको म्हटलं. तिसरा निवडला. 'एवढा एक पुरे.' फैयाजनं काडेपेटीएवढ्या एका डबीत तो घालून दिला. एकच बटण, एकच शब्द.

प्रयोगाच्या पहिल्या रविवारी दहा वाजता माझा फोन वाजला. पलीकडे माझाच आवाज होता.

"नमस्कार. तुमच्याकडे इंद्रजित मोरबाळे आले आहेत. उत्तर ध्वनिमुद्रित आवाजात आहे, ते ग्राह्य धरता येत नाही. त्यांनी काम सांगितलं आहे: सहज. येऊ द्यायचं का?"

मी म्हटलं, "येऊ दे." यंत्राला कळावं म्हणून पुन्हा नीट म्हटलं, "हो. येऊ द्या."

लिफ्टचा आवाज आला, मग काठीचा. मी दार उघडलं. दादा उभा होता, गळ्याशी पांढरा रुमाल, हातात वहिनीनं दिलेली पिशवी. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "काय रे, काय काम काढलंस?"

त्यानं खिशातली डबी काढून बटण दाबलं.

"सहज," त्याचा मार्चमधला आवाज म्हणाला.

तो आत येऊन पंख्याखालच्या खुर्चीत बसला. मी पाणी दिलं, चहा टाकला.  गाठ परत आलीय का ते बघायला दोन दिवसांपूर्वी त्याची तपासणी झाली होती, तिचं काय झालं ते कुणी मला कळवलं नव्हतं. मला माहीत होतं, काम चहानंतर निघतं. तो चहा घोट घोट पीत होता, गॅलरीतून खालच्या पोरांचा खेळ बघत होता. कप रिकामा झाला. मी काही विचारलं नाही. कपाटातून पाटी आणि खडू आणून त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पाटी उलटी करून बाजूला सारली, आणि कप माझ्यापुढे केला. अजून अर्धा हवा होता.